बोट घ्यायच्या आधी तिचं बूड बघा

ब्रिटनच्या कालव्यावर विक्रीला लागलेली बोट पाहायला गेलात की आधी नजरेत भरते ती केबिन: दारावर रंगवलेली गुलाबं, पितळी दिवे, कोपऱ्यातली लोखंडी शेगडी, नवीकोरी गादी. विकणाऱ्याचा खर्च तिथेच झालेला असतो, कारण घेणाराही तिथेच पाहतो. बोट तरंगते ती पाण्याखालच्या पाच-सहा मिलिमीटर पत्र्यावर, आणि तो काठावर उभं राहून दिसत नाही. तो पत्रा, ती फळी किंवा तो फायबरचा थर हातानं तपासून लेखी मत देणं हे मरीन सर्व्हेअरचं काम.

पहिली नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांब, चिंचोळी बोट) किंवा जुनी लाकडी लाँच घेऊ पाहणारा आणि हे काम शिकायला गोदीत उतरणारा नवखा, अशा दोघांसाठी हा लेख आहे. दोघांनीही एक प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवावा: या बोटीत पाणी कुठे साचून राहतं? कालव्यावरची बोट लाटांनी क्वचितच फुटते, साचलेल्या पाण्यानं मात्र हळूहळू संपते. त्यातही पावसाचं गोडं पाणी लाकडाला फार वाईट. खाऱ्या पाण्यात लाकूड इतक्या सहज कुजत नाही. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीनं झाकून ठेवतात. इंग्लंडमधली बोट बाराही महिने पावसात उभी असते आणि तिच्यावर झाप घालणारं कुणी नसतं.

पायरी १: कोणता सर्व्हे हवा ते ठरवा

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र पाहून ‘बोट तपासलेली आहे’ असं ते धरून चालतात. ही योजना १९९७ पासून आहे, प्रमाणपत्र चार वर्षं चालतं आणि कालव्याचा परवाना काढायला ते लागतं. पण ती तपासणी गॅस, इंधन, वीज, आग आणि प्रदूषण एवढ्यापुरतीच असते. पत्रा किती उरलाय याच्याशी तिचा संबंध नाही. तळाला भोक पडायच्या बेतात असलेली बोटही ती परीक्षा रीतसर पास होऊ शकते.

खरेदीपूर्व सर्व्हेत पाण्याबाहेर काढलेलं बूड, वरचा सांगाडा, आतल्या यंत्रणा आणि दिसेल तेवढं इंजिन असं सगळं येतं. विम्यासाठीचा सर्व्हे बहुधा बुडापुरता असतो. बोट वीस-तीस वर्षांची झाली की अनेक विमा कंपन्या तो मागतात आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा मागतात. पहिल्यांदा बोट घेणाऱ्यानं पूर्ण सर्व्हेच करावा. फी वाचवायला ‘फक्त बूड पाहा’ म्हणणाऱ्याला आतून कुजलेली पाण्याची टाकी नंतर महागात पडते.

सर्व्हेअर तुम्ही नेमायचा, तुमच्या पैशानं. अहवाल तुमच्या नावानं निघाला तरच चुकीबद्दल तुम्हाला दाद मागता येते. विकणाऱ्यानं दाखवलेला दोन वर्षांपूर्वीचा अहवाल माहिती म्हणून जरूर वाचा, पण त्यावर व्यवहार करू नका. सर्व्हेअरकडे व्यावसायिक दायित्वाचा विमा आहे का आणि तो इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सर्व्हेइंगसारख्या संस्थेचा सभासद आहे का, हे विचारा. शिवाय तो रोज कोणत्या बोटी पाहतो हेही विचारा. पोलादी नॅरोबोटी पाहणाऱ्याला महागनीच्या लाँचमधलं कमी कळू शकतं, आणि उलटही.

कागदपत्रं आदल्या दिवशीच मागवून घ्या. १६ जून १९९८ नंतर बाजारात आलेल्या बोटीला युरोपीय मनोरंजन-नौका नियम लागू झाले. म्हणून अशा बोटीबरोबर अनुरूपतेचं घोषणापत्र, मालकासाठीची पुस्तिका आणि बुडावर कोरलेला १४ अक्षरांचा ओळख क्रमांक असायला हवा. कागदावरचा क्रमांक आणि पत्र्यावरचा क्रमांक स्वतः ताडून पाहा. बोटीची मालकी सिद्ध करणारं सक्तीचं सरकारी नोंदणीपुस्तक ब्रिटनमध्ये नाही, त्यामुळे जुन्या विक्रीपावत्यांची साखळी हाच पुरावा. ती तपासणं सर्व्हेअरच्या कामात येत नाही.

पायरी २: बोट बाहेर काढा, धुवा, आणि काळं फासू देऊ नका

बोट बाहेर येते ती क्रेननं, उतारावरून ओढून किंवा कोरड्या गोदीत पाणी उपसून. क्रेन आणि धुण्याचा खर्च वेगळा असतो आणि तो बहुधा घेणाराच करतो; आधी बोलून घ्या. पट्ट्यावर लटकलेल्या बोटीखाली कुणीही शिरायचं नाही. तिला तळाशी निदान अर्धा मीटर जागा मिळेल अशा लाकडी ठोकळ्यांवर टेकवायला सांगा. ठोकळे जिथे असतात तिथला पत्रा दिसत नाही, म्हणून ते कुठे होते ते नोंदवून ठेवा.

दाबाच्या पाण्यानं शेवाळ आणि शिंपले निघाले की लगेच पाहणी करावी. नवीन ब्लॅकिंग, म्हणजे पाणरेषेखाली लावतात तो डांबरी किंवा इपॉक्सीचा काळा थर, सर्व्हेच्या आधी लावू द्यायचा नाही. गंजाचा रंग, फोड आणि खळगे सगळं त्याखाली झाकलं जातं. विकणारा ‘नुकतंच ब्लॅकिंग केलंय’ असं कौतुकानं सांगत असेल, तर खरवडून पाहायची लेखी परवानगी घ्या.

लागणारी हत्यारं थोडी आहेत. अल्ट्रासॉनिक जाडीमापक, त्याचं जेल, मापक पडताळायला ठरावीक जाडीचा पोलादी ठोकळा, खळग्याची खोली मोजायचं मापक, साधारण पाऊण किलोची हातोडी, खरवडणी, ओलावामापक, बारीक टोच्या, आरसा, डोक्यावरचा दिवा आणि खडू. खडू विसरू नका. घेतलेलं प्रत्येक माप बोटीवर तिथल्या तिथे लिहिलं की कुठे पत्रा पातळ होत गेलाय ते डोळ्यांनीच दिसतं.

पायरी ३: पोलादी नॅरोबोट

नॅरोबोटीची रुंदी ठरते ती अरुंद लॉकवरून, म्हणजे बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या कालव्यातल्या दारांच्या हौदांवरून. लॉक सुमारे सात फुटांचे, म्हणून बोट ६ फूट १० इंचांची, म्हणजे २.०८ मीटर. लांबी ७२ फुटांपर्यंत जाते, पण ५७ फुटी बोट कालव्यांच्या बहुतेक जाळ्यात फिरू शकते, म्हणून ती खूप दिसते. पत्र्याची जाडी तीन आकड्यांत सांगतात. १०/६/४ म्हणजे तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६, केबिनला ४. नवीन बोटींत हे बरंच सर्रास आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक बोटी मुळातच तळाला ६ आणि बाजूंना ५ मिमी अशा बांधलेल्या असतात. म्हणून मूळ जाडी माहीत नसताना ‘५.१ मिमी’ या आकड्याला अर्थ नाही: ६ मधून उरलेले ५.१ आणि ५ चा जवळजवळ अख्खा राहिलेला पत्रा या दोन वेगळ्या बोटी आहेत.

मोजणी नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून मागे, दर मीटरला एक अशी करा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना तीन-तीन मापं घ्यायची: पाणरेषेवर, मध्यावर आणि तळाच्या कोपऱ्याजवळ. तळाखाली आणखी तीन. ५७ फुटी बोटीला हे दीडशेच्या आसपास जातं. वीस-पंचवीस आकडे देऊन थांबलेला अहवाल पुरेसा मानू नका.

मापकानं फसू नये म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. ध्वनी पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगानं जातो, रंगातून त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगानं. एकाच प्रतिध्वनीवर मोजणारं यंत्र ०.३ मिमी रंगाच्या थराला पाऊण मिलिमीटर पोलाद समजतं. त्यामुळे प्रतिध्वनी ते प्रतिध्वनी, म्हणजे लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजणारी पद्धत वापरा, नाही तर तेवढा थर खरवडून काढा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यंत्राचं टोक सपाट जागीच बसतं, म्हणजे ते खळग्यांमधला शाबूत पत्रा मोजतं. खळगा मोजतच नाही. सपाट जागी ५.६ मिमी आलं आणि शेजारचा खळगा १.८ मिमी खोल असला, तर तिथे उरले ३.८ मिमी. अनेक विमा कंपन्या ४ मिमीची रेघ ओढतात. अहवालात नुसतं ५.६ छापलं असेल तर बोट चांगली वाटते, आणि खरी बोट त्या रेघेच्या खाली असते.

खळगे सगळीकडे सारखे नसतात, त्यांची जागा बरंच सांगते. पाणरेषेच्या पट्ट्यात हवा आणि पाणी दोन्ही मिळतात, त्यामुळे तिथे गंज जास्त. तळाचा पत्रा बाजूंच्या बाहेर बोटभर आलेला असतो. काठाला घासून तो आणि त्याच्यावरचा वेल्ड झिजतो, म्हणून कोपऱ्याचा वेल्ड पूर्ण लांबीभर बोटानं चाचपून पाहा. तळाची बाहेरची बाजू बऱ्याचदा काळी न करताही बरी राहते, कारण तिथे प्राणवायू कमी पोचतो. मागे, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरचा आडवा पत्रा मात्र नेमका पाणरेषेवर येतो आणि वर कधी साफ होत नाही. तिथे दोन मापं जास्तीची घ्या.

नारिंगी-तपकिरी फोड दिसला तर तो फोडून आत पाहा. आत काळा चिखल, सडक्या अंड्याचा वास आणि खाली चकचकीत, वाटीसारखा गोल खळगा असेल तर ते जिवाणूंमुळे होणारं गंजणं आहे. असा खळगा वेगानं खोल जातो. त्यावर नुसतं ब्लॅकिंग फासलं तर जिवाणू खाली बंदिस्त होऊन काम चालूच ठेवतात. पत्रा उघडा करून, धुऊन, निर्जंतुक करून मगच थर द्यायचा.

त्याच्या उलट, वीजगळतीचे खळगे स्वच्छ आणि धारदार असतात आणि बोट बराच काळ काठाच्या विजेवर लावलेली असली की येतात. काठाच्या वीजजोडणीतली अर्थिंगची तार शेजारच्या सगळ्या बोटींना एकमेकींशी जोडते, आणि पाणी मध्ये असल्यानं त्यांची एक मोठी बॅटरीच तयार होते. हा जोड तोडणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा त्याहून चांगला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलाय का ते याच वेळी पाहा. ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजावेत म्हणून बुडाला लावलेले धातूचे ठोकळे, तेही बोलतात. कालव्यात मॅग्नेशियमचे हवेत. जस्ताचे गोड्या पाण्यात जवळजवळ काम करत नाहीत. दोन वर्षांनंतरही ॲनोड नव्यासारखा टवटवीत दिसत असेल तर खूश होऊ नका. तो जस्ताचा तरी आहे, वेल्ड सुटलेला तरी आहे, नाही तर कुणीतरी त्यावरही काळं फासलंय. पुढे दोन आणि मागे दोन ॲनोड असले की बोटीची टोकं वाचतात. मधला लांब भाग त्यांच्या आवाक्यात येत नाही.

ठिगळाचा पत्रा दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण कुणी, केव्हा आणि का लावला ते विचारा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकलं असेल तर हातोडीचा ठोका भद्द वाजतो. वजनाचाही हिशेब करा. ५७ फुटी बोटीच्या तळाला ६ मिमीचा दुसरा पत्रा म्हणजे सुमारे १,६५० किलो. आतला भार तेवढा कमी केला नाही, तर बोट चार-पाच सेंटीमीटर खाली बसते आणि तिची सगळी भोकं पाण्याच्या तेवढी जवळ येतात.

पंखा, शाफ्ट आणि सुकाणू यांना हातानं हलवून पाहा. शाफ्ट वर-खाली ठळकपणे हलत असेल तर बेअरिंग झिजलंय. सुकाणू तळाच्या वाटीत बसलेलं असावं. लॉकच्या उंबऱ्यावर आपटलेल्या बोटीत खालचा आधार वाकलेला असतो आणि सुकाणूचा दांडा एका बाजूला जड जातो.

पायरी ४: आत उतरा, फळी उचला

बोट बाहेरून गंजते तेवढीच आतून गंजते, आणि आतलं कुणी पाहत नाही. केबिनच्या मागच्या टोकाला जमिनीत एक झाकण असावं. ते उघडून हात घाला. कोरडी धूळ लागली तर उत्तम. ओल असेल तर ती कुठून आली ते शोधा: न्हाणीचा पंप, टाकीचा सांधा, खिडकी, की नुसता श्वासाचा आणि स्वयंपाकाचा दमट वारा. भार म्हणून टाकलेल्या फरशा आणि विटा थेट पत्र्यावर बसलेल्या असतील तर त्यांच्याखाली ओल वर्षानुवर्षं राहते. झाकणच नसेल तर ‘आतला तळ पाहता आला नाही’ असं अहवालात स्पष्ट यायला हवं, आणि तुम्ही ते गंभीरपणे घ्यावं.

नाळेतली पाण्याची टाकी कित्येक जुन्या बोटींत वेगळी नसतेच. बोटीचाच पत्रा तिची भिंत असतो. म्हणजे तिथे पत्रा दोन्ही बाजूंनी ओला. टाकीचं झाकण उघडून आत दिवा धरा. खवले सुटलेले दिसले तर बाहेरून त्याच जागी पुन्हा मापं घ्या.

नंतर भोकं मोजा. बोट बुडते ती बहुतेक वेळा भोकातून, पत्रा फाटून फार कमी. पाणरेषेपासून सगळ्यात खालचं उघडं भोक किमान २५० मिमी वर असावं असं सर्व्हेअर सहसा धरतात. सांडपाण्याची नळी, पंपाची नळी, पुढच्या डेकचं पाणी बाहेर जाणारं भोक, इंजिनखोलीची झरोक्याची जाळी, सगळं त्यात आलं. वीड हॅच, म्हणजे पंख्यात अडकलेलं गवत-दोर काढायची पेटी, तिचा वरचा काठ पाणरेषेच्या निदान १५० मिमी वर हवा आणि झाकण घट्ट बसायला हवं. सील सुटलेलं झाकण ठेवून इंजिन चालू केलं की पंखाच इंजिनखोलीत पाणी भरतो, आणि बोट काही मिनिटांत मागून खाली जाते.

गॅसची बाटली बाहेरच्या कप्प्यात, उभी आणि बांधलेली हवी. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला तर तळाशी साचतो. कप्प्याच्या तळाचं भोक किमान १२ मिमीचं असावं आणि ते थेट बाहेर उघडावं. त्यात पानं अडकलेली नेहमी सापडतात. तो कप्पा नाळेत असेल तर त्याच्या तळालाही मापक लावा, बाटलीखाली गंज धरतो. गॅसच्या जोडणीला हात लावणं हे परवानाधारकाचं काम आहे. सर्व्हेअर तशी पात्रता नसेल तर फक्त पाहतो आणि लिहितो. शेगडीची धुराची नळी छताला जिथे छेदते तिथलं सील, आजूबाजूच्या लाकडापासूनचं अंतर आणि कार्बन मोनॉक्साइडचा चालू असलेला अलार्म, हे मात्र तुम्हीही पाहू शकता. राहण्याची सोय असलेल्या बोटींना हा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे, आणि त्यानं जीव वाचतो.

बॅटऱ्या बांधलेल्या, टोकं झाकलेली, हवा खेळती आणि हाताशी मुख्य स्विच, एवढं झटकन पाहून घ्या. इंजिन उघडून तपासणं सर्व्हेत येत नाही. त्यासाठी वेगळा मेकॅनिक आणा. थंड करण्याची टाकी तेवढी मोजा. नॅरोबोटीत ती बुडाच्या पत्र्याला आतून चिकटलेली असते आणि साधारण नियम असा की इंजिनच्या अश्वशक्तीला ४ नं भागलं की लागणारे चौरस फूट मिळतात. ४० अश्वशक्तीला १० चौरस फूट. कमी असेल तर कालव्यात काही कळत नाही, नदीच्या प्रवाहाविरुद्ध तासभर गेल्यावर इंजिन तापतं.

पायरी ५: रिव्हेटच्या जुन्या बोटी

१९३० च्या दशकात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीनं मालवाहू नॅरोबोटींचा मोठा ताफा बांधून घेतला. काही बोटी नॉर्थविचच्या यारवुड्सनं बांधल्या, काही वुलिचच्या गोदीत हार्लंड अँड वुल्फनं, म्हणजे ज्या कंपनीच्या बेलफास्टच्या गोदीत टायटॅनिक झालं तिनंच. त्यातल्या कित्येक आज केबिन चढवून हौशी लोकांच्या हाती आहेत. त्यांना नॅरोबोटीचे साधे नियम लावून उपयोग नाही.

इथे प्रत्येक रिव्हेटचं डोकं महत्त्वाचं. डोकं गंजून सपाट झालं तर तो पत्रा धरत नाही. हातोडीनं हलका ठोका देऊन सैल रिव्हेट ओळखायचा. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे मधे गंज फुगून पत्रे उचलले गेलेत का पाहा. त्याहून जुन्या बोटींचं घडीव लोखंड पोलादापेक्षा गंजाला चांगलं तोंड देतं, पण त्यात धातुमळीचे (स्लॅगचे) थर असतात. ध्वनी त्या थरावरूनच परततो आणि मापक ८ मिमीच्या पत्र्याला ३ मिमी सांगतं. असा विचित्र आकडा आला तर शेजारी चार मापं घ्या, ठोकून ऐका, आणि मगच लिहा. चांगल्या ऐतिहासिक बोटीवर एका चुकीच्या आकड्यापायी ठिगळं मारली गेली तर ते नुकसान भरून निघत नाही.

काही जुन्या बोटींना लोखंडी बाजू आणि एल्म लाकडाच्या आडव्या जाड फळ्यांचा तळ असे. बुडालेला एल्म टिकतो, ओला-सुका होत राहिला की जातो. तळाला नंतर पोलाद बसवलं असेल तर जुन्या-नव्याचा सांधा हाच तपासायचा भाग.

पायरी ६: लाकडी लाँच आणि ब्रॉड्सच्या बोटी

थेम्सवरच्या जुन्या लाँचना बहुधा ओकच्या बरगड्यांवर महागनीच्या फळ्या आणि तांब्याचे खिळे असतात. नॉर्फक ब्रॉड्सवर, म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या तळी-नद्यांच्या जाळ्यात, अजून लाकडी शिडाच्या बोटी चालतात. लडमच्या हंटर्स यार्डचा ताफा १९३२ पासूनचा. फळ्या कडेला कडा लावून बसवल्या की सांध्यात सुती दोर ठासून वर लुकण भरतात. एकावर एक चढवल्या की सांधा लाकूड फुगून स्वतःच बंद होतो. ब्रॉड्सच्या मालवाहू व्हेरी बोटी बहुतेक दुसऱ्या पद्धतीच्या, पण १८९८ साली बांधलेली ‘अल्बियन’ पहिल्या पद्धतीची आहे. बोटीच्या जातीवरून बांधणी गृहीत धरू नका, हात लावून पाहा.

लाकडी बोट बाहेर काढून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवू नका. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पुन्हा पाण्यात सोडल्यावर फुगेपर्यंत ती गळते. पाहणी एक-दोन दिवसांत उरका, तोवर ओली पोती टाका.

तपासणी वरून सुरू करा, कारण कुज वरून येते. डेकची कड, केबिनची भिंत डेकला मिळते तो सांधा, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागची आडवी फळी आणि नाळेच्या खाचेत शिरणारी फळ्यांची टोकं. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. हातोडीच्या मुठीनं ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं मुकं. शंका आली तिथेच टोच्या घाला, तोही आतून किंवा रंगाखाली, आणि मालकाला विचारून. वॉर्निश केलेल्या महागनीवर भोकं पाडणारा सर्व्हेअर पुन्हा त्या धक्क्यावर येऊ शकत नाही.

बरगड्या वाफवून वाकवलेल्या असतात. जिथे बूड वळतं तिथे त्या तडकतात; ओळीनं चार-पाच तडकलेल्या दिसल्या तर बोटीनं आकार सोडलाय का हे लांबून, नाळेच्या समोर उभं राहून पाहा. शेजारी नवी बरगडी जोडलेली असेल तर मोजून लिहा. खिळ्यांपैकी दोन-तीन, मालकाच्या परवानगीनं, काढून पाहावेत. पितळी स्क्रू आतून गुलाबी आणि ठिसूळ झाला असेल तर त्यातलं जस्त गेलंय, आणि त्याचे शेजारीही तसेच असणार. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडून मऊ होतं; तिथे नवा खिळा धरत नाही, फळीच बदलावी लागते. लाकडी बोटीच्या दुरुस्तीत मोठी रक्कम इथेच जाते.

पायरी ७: फायबरच्या बोटी

फ्रीमन, नॉर्मन वगैरे छोट्या क्रूझर स्वस्तात मिळतात आणि नवख्याला शिकायला चांगल्या असतात. बुडावर फोड आहेत का ते तिरप्या उजेडात पाहा. फोड टोचल्यावर व्हिनेगरसारखा वास आणि चिकट पाणी आलं तर ऑस्मोसिस, म्हणजे फायबरच्या थरात पाणी मुरलंय. गोड्या पाण्यात ते खाऱ्यापेक्षा जास्त होतं, कारण दोन्हीकडच्या द्रावणांत फरक अधिक असतो. चार फोडांनी बोट बुडत नाही. किमतीवर बोलायला ते पुरेसे आहेत. ओलावामापकाचा आकडा बोट नुकतीच बाहेर काढलेली असताना विश्वासाचा नसतो, आणि आत पाण्याची टाकी किंवा बाहेर तांब्याचा रंग असेल तिथे तो फुगतो.

डेकवर चालून पाहा. पाय दबला तर आतला बाल्सा किंवा प्लायवूड भिजलंय. प्लास्टिकच्या हातोडीचा आवाज बदलतो तिथे थर सुटलेत. आउटड्राइव्ह (बोटीच्या मागे बाहेर बसवलेला पंख्याचा भाग) असेल तर त्याचे रबरी बेलोज, म्हणजे घड्यांची रबरी नळी, बोटांनी उलगडून पाहा; तिथली एक चीर बोट बुडवायला पुरते.

पायरी ८: अहवाल वाचणं आणि पुढचं काम

चांगल्या अहवालात सूचना तीन गटांत असतात: पाण्यात सोडण्याआधी करायचं, वर्षभरात करायचं, आणि सवडीनं. पहिला गट विकणाऱ्यासमोर ठेवून दुरुस्तीचे लेखी दर घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा; म्हणूनच सुरुवातीची बोली ‘सर्व्हेच्या अधीन’ अशी लेखी असावी. त्यानंतर ‘पाहता आलं नाही’ असं लिहिलेल्या सगळ्या जागा एका कागदावर उतरवा. तीन-चार असतील तर चालतं. आतला तळ, टाकी आणि इंजिनखालचा भाग तिन्ही त्यात असतील, तर बोटीच्या जिथे जिथे पाणी साचतं तेवढंच पाहायचं राहिलंय. फळी उचलून घ्या आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलवा.

दुरुस्ती झाल्यावर वेल्डरचं बिल आणि नव्या पत्र्याची मापं मूळ अहवालाला जोडून ठेवा; विमा कंपनी ती मागते. बोट पुन्हा पाण्यात गेली की पहिला अर्धा तास कुठेही जाऊ नका. पट्टे सैल असले तरी क्रेनला सोडू नका, आत उतरून ग्लँड (शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील), वीड हॅच आणि प्रत्येक नळीची जोडणी कोरडी आहे का ते पाहा. इंजिन चालू असताना जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून अधूनमधून थेंब पडणं ठीक, धार नको. आणि मोजणीच्या सगळ्या जागांचा नकाशा, नाळेपासूनच्या अंतरासह, जपून ठेवा: पुढच्या वेळी नेमक्या त्याच जागी माप घेतलं तरच वर्षाला किती पत्रा जातोय ते कळतं.